पांढऱ्या रेषेच्या अलीकडे

"आधी शेक, मग रड," सासूबाई म्हणायच्या.

लागलं-खुपलं की त्यांचं फर्मान एवढंच. त्यांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी घरात कुणाचं बोट दारात सापडलं की आधी तो आवाज ऐकू येतो आणि मग बोट दुखायला लागतं. आमचं कपडे धुण्याचं आणि इस्त्रीचं दुकान. खाली दुकान, वर घर. इस्त्री दिवसभर तापलेली असायची, त्यामुळे औषध शोधायला लांब जावं लागत नसे. जुन्या फ्लॅनेलची चौपदरी घडी करायची, तिच्यावरून इस्त्री फिरवायची आणि दुखऱ्या जागेवर दाबून धरायची. पाय मुरगळला, कान ठणकला, दाढ सुजली, सगळ्यांवर हाच उतारा. माझे दीर म्हणतात, आईने आम्हाला वाढवलं नाही, इस्त्री करून घडी घालून ठेवलं.

धाकटी म्हणजे या दिरांची बायको, माझी जाऊ. घरात तिला सगळे धाकटीच म्हणतात. कितीतरी वर्षं ती माझ्याबरोबर इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. शर्टाची कॉलर तिच्याइतकी कडक कुणाची होत नसे. मग एक दिवस शहराच्या बससेवेला बायका ड्रायव्हर हव्यात असं तिने कुठेतरी वाचलं आणि कुणाला न सांगता अर्ज टाकून आली. दीर हसले. म्हणाले, "घरात मला कधी साइड दिली नाहीस, रस्त्यावर लोकांना काय देणार?" ती म्हणाली, तुम्ही हॉर्न तरी कधी नीट वाजवलात.

शिकली, आणि बस चालवायला लागली. पण ती अजून उमेदवारीवर होती. मुदत संपायच्या आत डेपोच्या मैदानात शेवटची परीक्षा द्यायची, तिच्यात उतरलं तर कायम. नाही उतरलं किंवा मधेच उमेदवारी तुटली तर पुढच्या भरतीत सगळं पहिल्यापासून. आणि पुढच्या भरतीत तिचं वय बसत नव्हतं. तिला ही एकच संधी होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून कुणी बोलून दाखवत नसे.

तो प्रकार घडला तो भर दुपारी. एका गल्लीतून एक माणूस कपाटाचा मोठा आरसा हातगाडीवर उभा बांधून बाहेर आला. त्याचं लक्ष मोबाइलमध्ये. धाकटीने सगळं वजन ब्रेकवर टाकलं. आतली माणसं एकमेकांवर जाऊन पडली, पण कुणाला खरचटलंसुद्धा नाही. बस थांबली ती आरशापासून हातभर अंतरावर. आरशाला तडा नाही, पण तो माणूस मात्र मटकन रस्त्यावर बसला. संध्याकाळी ती हे सगळं हसत हसत सांगत होती. "ताई, समोरून माझीच बस माझ्या अंगावर येताना दिसली. आणि चालवणारीचं तोंड असं काही झालं होतं, की मीच घाबरले."

आम्ही सगळे हसलो. दिरांनी रस्त्यावर उभं राहून शेजाऱ्यांना दोनदा ही गोष्ट सांगितली, दुसऱ्यांदा आरसा बराच मोठा झाला होता.

तिने एक गोष्ट सांगितली नाही. गाडी थांबली तेव्हा ड्रायव्हरच्या सीटच्या पट्ट्याने तिला मागे ओढून धरलं होतं, आणि तो सगळा झटका तिच्या उजव्या छातीवर बसला होता.

त्यानंतर ती डाव्या हाताने चहा ओतायला लागली. मला वाटलं खांदा भरून आला असेल. मग एकदा मला फडताळातले फ्लॅनेलचे तुकडे सापडेनात. वर गेले तर जिन्यातच तापलेल्या कापडाचा वास आला. धाकटी खोलीचं दार लोटून पाठमोरी बसली होती, आणि शेजारी घरची छोटी इस्त्री उभी करून ठेवलेली. मी आत गेले तशी तिने पदर ओढून घेतला. मी तिच्याजवळ जाऊन बसले. थोड्या वेळाने तिने आपणहून पदर बाजूला केला.

मी देवाचं नाव घेतलं. तिचा उजवा स्तन वांग्याच्या रंगाचा झाला होता, कडेने हिरवट-पिवळा. डाव्याच्या दीडपट सुजलेला, कातडी ताणून चकाकणारी. बोट लावलं तर आत दगड असल्यासारखं लागलं.

"सकाळ-संध्याकाळ शेकतेय," ती म्हणाली. "आईंनी सांगितलंय ना. पण ताई, हे उतरायच्या ऐवजी चढतंय."

दवाखान्यात मी तिला त्याच दिवशी नेलं. सर्जनबाई वयाने माझ्याएवढ्या, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं कमी. त्यांनी तपासलं, आतलं दाखवणारी सोनोग्राफी करायला पाठवलं, आणि परत आल्यावर विचारलं, घरी काय लावलंत? धाकटीने माझ्याकडे पाहिलं. मी फ्लॅनेलचं सांगितलं. त्यांनी गळ्यातला चष्मा डोळ्यांवर चढवला.

"इस्त्रीने?"

मी मान हलवली. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं की माराने आतली एखादी बारीक रक्तवाहिनी फाटते, आणि रक्त बाहेर न येता आतच साठून त्याचा गोळा होतो. अशा वेळी पहिले दोन-तीन दिवस थंड ठेवायचं, म्हणजे वाहिनी आकसते. ऊब दिली की ती उलट मोकळी होते. "नळ गळत होता, आणि तुम्ही तो आणखी सोडलात," त्या म्हणाल्या. चोळायचं नाही, दाबायचं नाही. कापडात गुंडाळून बर्फ थोडा थोडा वेळ लावायचा, नुसता कातडीवर नाही. चांगली घट्ट आधार देणारी ब्रेसियर रात्रंदिवस घालायची. रक्त पातळ करणाऱ्या दुखण्याच्या गोळ्या घ्यायच्या नाहीत, त्यांनी दिलेलीच घ्यायची. आणि सूज वाढली, ताप आला किंवा कातडी जास्त ताणली तर वाट न बघता यायचं.

धाकटीने एकच विचारलं. पट्टा कधी लावता येईल?

आधी हे खाली येऊ दे, बाई म्हणाल्या.

दिरांना घरी बर्फाचं सांगितलं तेव्हा ते गप्पच होते. त्यांना असं गप्प मी पूर्वी एकदाच पाहिलं होतं, सासूबाई गेल्या तेव्हा. ते बाहेर गेले आणि अर्ध्या तासाने खांद्यावर बर्फाची अख्खी लादी घेऊन आले. दुकानातून जिन्यापर्यंत पाण्याची धार. वाटेत एका लॉजच्या इस्त्री केलेल्या चादरींचा गठ्ठा होता, तो पुरता भिजला. आमचे हे कपाळाला हात लावून बसले. दीर म्हणाले, "वहिनी, डॉक्टरांनी किती ते सांगितलं नव्हतं." धाकटी हसली आणि हसता हसता छाती धरून वाकली. आम्ही पहिल्यांदाच तिला उघडपणे दुखताना पाहिलं.

खरी अडचण वेगळीच होती. डेपोत तिने सांगितलं होतं की बरगडी दुखतेय, दोन दिवस रजा द्या. कामावर असताना लागलं असं नोंदवलं तर ती रजा उमेदवारीत धरली जाते. घरी दुखलं-खुपलं तर नाही, मग दिवस तुटतात आणि दिवस तुटले की उमेदवारी तुटते. बरगडीचं तर एक्स-रेत काही येणार नव्हतं. मी म्हटलं, जा आणि खरं सांग. ती म्हणाली, त्या मिशीवाल्या मास्तरांसमोर ते मी कोणत्या तोंडाने सांगू?

मास्तर म्हणजे डेपोत ड्रायव्हरांना तयार करणारे गृहस्थ. निवृत्तीला आलेले, शिट्टी कायम गळ्यात. ते हसले तर दात दिसतात की नाही यावर म्हणे ड्रायव्हरांची पैज लागते.

मग मी गेले. माझा आवाज मुळातच हळू. दुकानात गिऱ्हाईक मला दोनदा विचारतं. डेपोच्या त्या खोलीत पंखा घरघरत होता, बाहेर कुणीतरी गाडी धूत होतं, आणि आत मास्तरांबरोबर आणखी दोघे पुरुष बसलेले. पाऊल उंबऱ्यावरच अडलं होतं. पण म्हटलं, मी देवाला आईबाप म्हणते आणि त्याने दिलेल्या शरीराच्या भागाचं नाव घ्यायला लाजते, हे कसं.

"माझ्या जावेच्या स्तनाला पट्ट्याचा मार बसलाय," मी म्हटलं. "आत रक्त साठलंय. त्या आरशाच्या दिवशी, तुमची गाडी चालवताना. तिने बरगडी सांगितलं ते लाजून सांगितलं."

ते दोघे टेबलावरच्या काचेकडे बघायला लागले. मास्तर उठून उभे राहिले. आपली खुर्ची त्यांनी माझ्यासाठी पुढे सरकवली. मग म्हणाले की तो ब्रेक त्यांनी गाडीच्या कॅमेऱ्यात पाहिलाय, आणि नव्या पोरांना दाखवायला ठेवून घेतलाय. असा ब्रेक लावला की पट्टा कुठेतरी बसणारच, हे आपल्याच लक्षात यायला हवं होतं. दवाखान्याचे कागद आणा, कामावरची दुखापत म्हणून नोंद करू.

"पण परीक्षा चुकणार नाही," ते पुढे म्हणाले. "ती मुदतीच्या आतच होईल, आणि सगळ्यांची होते तशीच होईल. गाडीला कुणाचं काय दुखतं ते कळत नाही."

मी म्हटलं, तेवढंच हवंय.

बर्फाने दुखणं थोडं कमी झालं, पण गोळा काही बसला नाही. उलट एका सकाळी धाकटीला ब्रेसियरचा हूकही लावता येईना. आम्ही तडक दवाखाना गाठला. सर्जनबाईंनी सुईने रक्त ओढून बघितलं. येईना. आत ते जेलीसारखं गोठून बसलं होतं. आता छोटा छेद देऊन गोठलेलं सगळं काढावं लागेल, वाहिनी अजून गळत असेल तर तिला टाका घालावा लागेल, असं त्या म्हणाल्या. आणि आतला थोडा भाग तपासायला पाठवणार.

"कशासाठी?" दिरांनी विचारलं. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

"माराची गाठ आहे, हे मला जवळजवळ नक्की माहीत आहे," बाई म्हणाल्या. "पण स्तनातल्या गाठीच्या बाबतीत मी 'जवळजवळ'वर थांबत नाही."

ऑपरेशन चालू असताना आम्ही बाहेरच्या बाकावर होतो. मी डोळे मिटून नाम घेत होते. मधेच डोळे उघडले तर दीर धाकटीच्या ओढणीची घडी घालत होते. आधी उभी, मग आडवी, कडा जुळवून, अंगठ्याने दाब देऊन. घडी झाली की उलगडायची आणि पुन्हा घालायची. आमच्या ह्यांनी त्यांच्या हातातून ती घेतली, स्वतः एकदा घडी घातली आणि परत त्यांच्याकडे दिली. दोघे भाऊ लहानपणापासून असेच एकमेकांशी बोलतात.

बाई बाहेर आल्या. मूठभर गोठलेलं रक्त निघालं होतं. गळणारी वाहिनी सापडली, बांधली. आत काही साठू नये म्हणून एक बारीक नळी ठेवली होती, तिच्या टोकाला छोटी बाटली. दीर म्हणाले, "बाई, तुमच्या हातांना..." आणि त्यांनी दोन्ही हात जोडले.

ती बाटली सांभाळायला मी सुती कापडाची लहान पिशवी शिवली, गळ्यात अडकवता येईल अशी. धाकटीने ती घातली आणि आरशासमोर उभी राहिली. "बघा ताई, ड्रायव्हरही मीच आणि कंडक्टरही मीच. पगार दोन द्या म्हणावं." बाटलीत आधी लाल, मग गुलाबी, मग नुसतं पिवळसर पाणी येऊ लागलं. तपासणीचा निकालही आला. आत वाईट काही नव्हतं. मी देवापुढे डोकं टेकलं ते बराच वेळ उचललं नाही. दीर दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला पेढ्यासारखा तो निकाल वाटत होते, कसला निकाल ते मात्र सांगत नव्हते. लोकांना वाटलं ते लॉटरी जिंकले.

मला वाटलं आता उतार लागला. पण चढण पुढेच होती.

नळी काढून आम्ही टॅक्सीने घरी येत होतो. मागच्या सीटवर धाकटी खिडकीशी, शेजारी मी. समोर एक सायकल आडवी आली आणि टॅक्सीवाल्याने ब्रेक मारला. साधा ब्रेक, रोजचाच. धाकटीने दोन्ही हातांनी छाती धरली आणि तिच्या तोंडून असा आवाज निघाला, की टॅक्सीवाल्याने गाडी बाजूलाच घेतली. घरापर्यंत तिने डोळे उघडले नाहीत. बस चालवणारी बाई ती. डोळे मिटून बसली होती.

वर आल्यावर ती माझ्या खोलीत येऊन जमिनीवर बसली. म्हणाली, जखम भरेल, ते मला माहीत आहे. पण ब्रेकवर पाय टाकायच्या आधीच माझी छाती आत ओढली जाणार. आणि पाय अर्धाच पडणार. अर्धा ब्रेक लावणारी ड्रायव्हर मला व्हायचं नाही.

मी तिच्या केसांवरून हात फिरवत राहिले. खोटा धीर मला देता येत नाही.

"तुम्ही तर कधी बसलाच नाहीत माझ्या बसमध्ये," ती मधेच म्हणाली. तक्रार नव्हती, नुसतंच आठवलं तसं.

खरंच होतं ते. तिची दिवसातली पहिली फेरी पहाटेची असायची. आणि माझा नेम आहे, लग्नाच्या आधीपासूनचा. उजाडायच्या आत उठून दिवा लावायचा, सूर्य वर येईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही आणि दिव्यासमोरून उठायचं नाही. बाळंतपणं सोडली तर तो चुकलेला नाही. दिवसा दुकान. मग बस राहूनच गेली.

"परत चालवायला लागशील त्या दिवशी तुझ्या पहिल्या फेरीला मी बसेन," मी म्हटलं.

तिने मान वर केली. "आणि तुमचा नेम?"

"तो मी आणि देव बघून घेऊ. तू ब्रेकचं बघ."

मग काम सुरू झालं. सर्जनबाईंनी हाताचे व्यायाम सांगितले होते. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी भिंतीवर चढत जायचं. दुकानाच्या भिंतीवर दिरांनी खडूने खुणा केल्या. रोज हात जिथवर पोचेल तिथे एक रेघ. रेघा इस्त्रीच्या टेबलापासून निघाल्या आणि हँगरच्या दांडीपर्यंत गेल्या. एका गिऱ्हाइकाने विचारलं, घरात मूल वाढतंय वाटतं? दीर म्हणाले, बायको वाढतेय.

टाके भरले, बाईंनी पट्टा लावायला हो म्हटलं, तेव्हा खुर्चीचा खेळ सुरू झाला. संध्याकाळी दुकान बंद केलं की मधोमध एक लाकडी खुर्ची. चादरीची लांब घडी धाकटीच्या उजव्या खांद्यावरून कमरेपर्यंत, टोकं मागे दिरांच्या हातात. पायापुढे जाड गादीची गुंडाळी, तो ब्रेक. मी समोर. दीर तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचे, गिअर बदलायचे, थुंकी उडवत हॉर्न वाजवायचे आणि अचानक ओरडायचे, "आरसा." त्यासरशी तिने पाय दाबायचा आणि त्यांनी चादर खेचायची. आधी अगदी हलकी, मग रोज थोडी जास्त.

सुरुवातीला ती म्हणाली होती तसंच व्हायचं. आधी हात छातीकडे, मग पाय गादीकडे, तोही अर्धा. दीर मागून म्हणायचे, मेला तो आरसेवाला. पुन्हा. ती चिडायची, म्हणायची तुम्हाला मारायला मजा येतेय. ते म्हणायचे, लग्नाला इतकी वर्षं झाली, लगाम आत्ता कुठे हातात आलाय. एकदा ती रडत उठून वर गेली. मी मागे जाणार तोच खाली आली, डोळे पुसत, आणि खुर्चीवर बसली. दिरांना म्हणाली, "खेचा. आणि लाडाने खेचू नका."

त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाय आधी पडला. हात स्टिअरिंगवरच राहिले, म्हणजे हातात धरलेल्या परातीवर. गादी टेबलापर्यंत सरकली. दीर पुन्हा इंजिन काढायला लागले.

परीक्षेच्या दिवशी आम्ही दुकान बंद ठेवलं. मी पट्ट्याखाली ठेवायला मऊ उशी शिवली होती, इस्त्रीच्या टेबलाखालच्या जाड ब्लँकेटची. डेपोचं मैदान मोठं, एका बाजूला उभ्या बसच्या रांगा, मधे मोकळी पट्टी, आणि तिच्यावर चुन्याने मारलेली पांढरी रेषा. बस वेगात यायची, मास्तरांची शिट्टी वाजली की पूर्ण ब्रेक, आणि पुढचं चाक रेषेच्या अलीकडे थांबलं पाहिजे. संधी दोन. आम्ही कुंपणाशी उभे होतो.

धाकटी गाडीत चढली. मास्तरांनी पट्टा बघितला आणि उशी बघितली. त्यांनी मान हलवली. पट्टा अंगाला बसला पाहिजे, म्हणाले, मधे काही आलं की तो ढिला. ढिला पट्टा लावून मी कुणाला रस्त्यावर सोडत नाही. तिने उशी काढली. खिडकीतून खाली वाकून माझ्या हातात दिली. तिची बोटं गार होती.

गाडी मैदानाच्या टोकाला गेली, वळली. दीर पुटपुटले, "आरसा, आरसा, आरसा." बस वेग घेत आली. शिट्टी वाजली.

ब्रेक लागला, पण दोन हप्त्यांत. आधी थोडा, मग पूर्ण. पुढचं चाक रेषेवरून पलीकडे गेलं. मास्तर रेषेपाशी गेले, चाकाकडे पाहिलं, आणि हाताने तिला परत टोकाला जायची खूण केली. चेहऱ्यावर काही नाही.

कुंपण मी इतकं घट्ट धरलं होतं, की तारेचे वळ हातावर उठले. मी देवाला म्हटलं, तिच्यासाठी काही मागत नाही. तिने जे केलंय ते तूच पाहिलंयस.

बस पुन्हा आली. या वेळी जास्त वेगात, असं मला वाटलं. दीर म्हणतात तेवढाच वेग होता. शिट्टी वाजली आणि त्याच क्षणी बस जागच्या जागी गाडल्यासारखी थांबली. पुढचा भाग खाली वाकला, मागचा उचलला, आणि सगळी बस एकदा हलून स्थिर झाली. काचेतून मला धाकटी दिसत होती. पट्ट्याने तिला मागे खेचून ताठ बसवलं होतं. दोन्ही हात स्टिअरिंगवर.

मास्तर चालत गेले. खाली बसले. चाक आणि रेषा यांच्यामध्ये तळहात आडवा ठेवला. तो मावला, वर जागा उरली.

"अलीकडे," ते म्हणाले. मग खिडकीखाली उभे राहून विचारलं, "पट्टा?"

"बसला," धाकटी म्हणाली.

"मग?"

"मग काही नाही."

मास्तर हसले. दात दिसतात. पैज कुणी जिंकली ते मला माहीत नाही, कारण तेवढ्यात रांगेत उभ्या बसमागून ड्रायव्हर बाहेर आले आणि तळहातांनी बसचे पत्रे वाजवायला लागले. डेपोत टाळ्या वाजवत नाहीत, पत्रा वाजवतात, असं नंतर कळलं. एक बस, दोन बस, मग सगळी रांग. त्या दणदणाटात धाकटीने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. दीर कुंपण ओलांडून आत पळाले. आत जायला मनाई होती, पण त्यांना त्या दिवशी बंदी घालणारा माणूस अजून जन्मायचा होता. आमचे हे माझ्याकडे न बघता डोळे टिपत होते. आणि मी, जिचा आवाज दुकानातल्या गिऱ्हाइकाला ऐकू जात नाही, ती तिथे काय ओरडले ते मला आठवत नाही. घसा मात्र दोन दिवस बसला होता.

त्यानंतर सर्जनबाईंनी पुन्हा सोनोग्राफी केली. साठलेलं काही नव्हतं. छेदाच्या जागी बोटाला किंचित कडक लागतं, ते शरीराने आतून घातलेलं ठिगळ, त्या म्हणाल्या, विरघळेल किंवा तसंच राहील. काही महिन्यांनी दाखवून जा, आणि दर महिन्याला स्वतः हाताने बघत जा. धाकटीने पट्टा लावून दाखवू का विचारलं. बाई म्हणाल्या, इथे नको, खुर्चीला चाकं आहेत.

तिला पहिली फेरी मिळाली ती पहाटेचीच. आदल्या संध्याकाळी तिने गणवेशाला स्वतः इस्त्री केली. जेवताना फेरीचा विषय निघाला, पण मी बसेन म्हटलं होतं, ते तिने काढलं नाही. मला संकोच नको म्हणून.

आज पहाटे ती निघून गेली तेव्हा मी दिव्यासमोर होते. खालचं दार लागल्याचा आवाज आला. मी वात पुढे सारली, तेल घातलं. देवाला म्हटलं, शब्द मी आजही काढणार नाही. बसायचं तेवढं आज तिच्या मागच्या सीटवर बसते. तू इथेही आहेस आणि तिथेही. मग शाल घेतली, चपला हातात धरून जिना उतरले, आणि बाहेर येऊन पायात घातल्या. रस्त्यावरचे दिवे अजून चालू होते. मी स्टॉपच्या दिशेने चालू लागले.